नवव्या आठवड्याचा धडा

३ मार्च

खारू,

मायना काय लिहावा यावर अर्धा तास गेला. चिरंजीव लिहिलं तर तू म्हणशील, आठ महिन्यांनी आत्याला आशीर्वाद सुचले. पूर्ण नाव लिहिलं तर नोटिशीसारखं दिसतं. शेवटी घरात हाक मारायचे तीच लिहिली आहे. माझ्या घरी सहा वर्षं राहून डब्यातली बिस्किटं काढून उशीखाली साठवणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणणार?

पत्ता तुझ्या बाबाने दिला. सहजासहजी नाही दिला. तिने कुणाला देऊ नको म्हणून सांगितलंय, असं तीन वेळा म्हणाला. मी म्हटलं, मी 'कुणी' नाही, मी तिची आत्या आहे. तेव्हा कुठे सांगितला. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

आधी कामाचं लिहिते. परीक्षा केंद्राच्या नियमात इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालापासून वर्षाच्या आत फेरतपासणी मागता येते. तुला नेमणूक देणाऱ्या त्या परदेशातल्या हॉस्पिटलने तुझी जागा तीस जूनपर्यंत राखून ठेवली आहे. त्यांचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं, सोबत जोडलं आहे. म्हणजे जवळजवळ चार महिने हातात आहेत. फेरतपासणीचा अर्ज मी भरलाय. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तू फक्त सही कर आणि उलट टपालाने पाठव. पास व्हायला साठ लागत होते, तुला छप्पन्न पडले. चार मार्क म्हणजे काही डोंगर नाही.

तू विचारशील, हे तेव्हा का नाही सुचलं. तेव्हा तू थांबलीस कुठे? निकाल लागला आणि सहाव्या दिवशी बॅग भरून चालती झालीस. वॉर्ड सांभाळलेली मुलगी, आणि आता कुठल्या तरी आडगावी एका अंथरुणाला खिळलेल्या बाईंची उठबस करतेस. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण तू त्यासाठी शिकली नव्हतीस. तुझ्या रागाचं कारणही मला माहीत आहे. निकाल ऐकून माझ्या तोंडून पहिला शब्द 'बरं झालं' असा निघाला. एकदाचा निकाल लागला ते बरं झालं, असं मला म्हणायचं होतं. तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. जीभ घसरते माणसाची.

इकडे वर्ग चालू आहे. या खेपेला पाच जण आहेत. एक बस चालवतो, त्याला परदेशात जाऊनही बसच चालवायची आहे. एक पार्लरवाली. एक नवी नवरी, जिचा नवरा तिकडे आणि कागदपत्रं इकडे अडकली आहेत. आणि बेकरीत कामाला असलेले दोघे भाऊ, जे एकमेकांच्या वहीत बघून एकच चूक दोनदा करतात. सगळे 'अ बुक्स' आणि 'अ चिल्ड्रन' लिहितात. मी फळ्यावर माझा नियम लिहिलाय: एक असेल तर आधी 'अ', ठरावीक एक असेल तर आधी 'द', अनेक असतील तर आधी काही नाही. तुला तो झोपेतून उठवलं तरी म्हणता यायचा. बसवाला म्हणतो, मॅडम, आपल्या भाषेत बस म्हटलं की बस, तिच्यापुढे शिपाई कशाला उभा करायचा? मी हसले, पण त्याचं म्हणणं खोटं नाही.

खालच्या किल्लीवाल्याने दुकानासमोर नवीन यंत्र आणून बसवलंय. दिवसभर लोखंड घासल्याचा आवाज येतो. तू असतीस तर खाली जाऊन भांडली असतीस.

सही निळ्या शाईने कर. काळी चालत नाही.

आत्या


२१ मार्च

खारू,

अर्ज कोराच परत आला. पाकिटात दुसरं काहीच नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, म्हातारपणी माणूस काय काय करतं बघ.

मग तुझ्या बाबाला फोन केला. तो आधी आढेवेढे घेत होता. मग म्हणाला, ती म्हणते, मला इंग्रजी येत नाही हे मला एकदा कळलंय, तेच परत परत विचारायला कशाला जाऊ. आणि म्हणाला, ताई, तू तिच्या नादी लागू नको, ती आता बरी आहे.

तू रागावलीस, बोलत नाहीस, ते मी सोसलं असतं. पण तू स्वतःला ढ समजतेस, हे माझ्याच्याने सोसवत नाही. म्हणून एक गोष्ट सांगते. ती वाचून तू हे पत्र फाडलंस तरी चालेल, पण पूर्ण वाचून फाड.

तुझा पेपर मी तपासला.

मी केंद्रासाठी पेपर तपासते हे तुला माहीत होतं. पण नर्सांच्या परीक्षेचे पेपर दुसरे लोक तपासतात, असं मी तुला सांगितलं होतं. गेल्या वर्षी ते मलाही दिले. पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण सहा वर्षं जिच्या नर्सिंगच्या वह्या घरात पडलेल्या पाहिल्या तिचं अक्षर ओळखायला नाव कशाला लागतं? तुझी वेलांटी इंग्रजीतही दिसते. प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर तू वर उचलतेस, जणू पुढच्या शब्दाला उठून जागा देतेस. पहिल्या ओळीतच मी ओळखलं.

केंद्राचा नियम असा आहे की ओळखीचं अक्षर दिसलं की पेपर खाकी पाकिटात घालायचा, वर 'ओळखीचं अक्षर' असं लिहायचं आणि मुख्य परीक्षकांकडे परत द्यायचा. कुणी कारण विचारत नाही. पाकिटं टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलेलीच असतात. मी एक पाकीट उचललंसुद्धा. मग मनात आलं, मीच तपासते, आणि इतक्या काटेकोरपणे तपासते की उद्या कुणी बोट दाखवायला नको. कुणाचं बोट येणार होतं? कुणालाच माहीत नव्हतं. पण नाकाने कांदे सोलायची माझी सवय तुला ठाऊक आहे.

बाकीच्या मुलींच्या पेपरात तीच ती चूक परत आली की आम्ही पहिल्यांदा मार्क कापतो आणि पुढे दुर्लक्ष करतो. लिहिलेला नियम प्रत्येक वेळी कापायचा आहे, पण इतकं कोणी करत नाही. तुझ्या पेपरात मी प्रत्येक वेळी कापले. अर्धा, अर्धा, अर्धा. शेवटी बेरीज केली तर छप्पन्न.

तपासणीला बसण्याआधी एका कागदावर सही करावी लागते की माझ्या नात्यातलं कुणी या परीक्षेला बसलेलं नाही. तीही मी केली. रांग होती, मागचे घाई करत होते, न वाचताच केली.

तर तू ढ नाहीस. तुझ्या आत्याने तुला पाडलं. हे तुला कळलं की आता तरी अर्जावर सही करशील अशी आशा आहे. नवीन अर्ज जोडला आहे.

आत्या


९ एप्रिल

खारू,

तुझी सही आली नाही. मी समजू शकते. ज्या बाईने पाडलं तिनेच भरलेल्या अर्जावर सही करायची, हे तुझ्या जिवावर येणारच.

म्हणून काल मी स्वतःच केंद्रात गेले. मुख्य परीक्षक माझ्याच हाताखाली तयार झालेली आहे. तिला पहिला पेपर कसा तपासायचा ते मी शिकवलं होतं. मला पाहून ती उठून उभी राहिली, खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा यायच्या आत मी कागद पुढे केला. त्यात सगळं लिहिलं होतं: अक्षर ओळखलं, पाकिटात घातलं नाही, खोटी सही केली, नात्याने भाची.

तिने तो दोनदा वाचला. मग मला म्हणाली, "मॅडम, हा कागद मी पाहिला नाही असं समजू का?"

ती मला वाचवू पाहत होती, खारू. एकतीस वर्षं मी तिथे जाते. शिपाई मला विचारल्याशिवाय खिडकी बंद करत नाही. मी म्हटलं, नको, नोंदवून घे. मग तिने खुर्ची जरा मागे घेतली आणि एकदम कामाच्या आवाजात बोलू लागली. माझं नाव यादीतून आजच निघेल. केंद्र माझ्या वर्गाला विद्यार्थी पाठवत असे तेही बंद. आणि चूक केंद्राच्या बाजूची असल्यामुळे तुझा पेपर तुझ्या अर्जाशिवाय दुसरं कुणीतरी तपासेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल. चहा आला तो तिने परत पाठवला नाही, पण मला घ्या असंही म्हणाली नाही.

जिना उतरताना, तुला खोटं वाटेल, मला हलकं वाटत होतं. रस्त्यात थांबून मी तुझ्यासाठी एक जाड मोज्यांचा जोड घेतला. तिकडे थंडी असते म्हणतात.

आज वर्गाला दोघेच आले. बातमी कशी पसरते कोण जाणे. पार्लरवालीने निरोप पाठवला की तिला आता वेळ होत नाही. बेकरीतले भाऊ निरोपाशिवायच गेले. बसवाला आणि ती नवरी राहिली. बसवाला म्हणाला, मॅडम, मला काही ऐकायचं नाही, मला पुढचा धडा सांगा.

पासपोर्ट कपाटातून काढून ठेव. मुदत बघ. आणि त्या बाईंच्या घरच्यांना एवढ्यात काही सांगू नकोस, निकाल हातात येऊ दे.

आत्या


१४ मे

खारू,

तुझं पत्र आलं. दोनच ओळी, पण तुझ्या हातच्या. मी ते फळ्याच्या खिळ्याला लावलंय आणि नवरीला वाटतंय की तो आजचा धडा आहे.

तू विचारतेस, दुसऱ्या कुणी तपासलं तर चार मार्क खरंच मिळतील का. आणि लिहितेस की जूनअखेर मी नसेन असं त्या बाईंच्या घरच्यांना सांगून ठेवलंय. खारू, मी तुला एवढ्यात सांगू नको म्हणून लिहिलं होतं. का नाही ऐकलंस? तिथे त्यांनी दुसरी बाई बघायला सुरुवात केली असेल. सांगितलंसच तर निदान, कदाचित जाईन, असं सांगायचं. तू नेहमी अशीच. पाण्यात उतरायच्या आधीच कपडे वाळत घालायचीस.

मी तुझ्यावर रागावत नाहीये. मी घाबरले आहे.

चार मार्क मिळतील का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. मी आता केंद्रात कुणीच नाही. दुसरी तपासनीस कोण, तेही मला कळणार नाही. तू पेपर चांगला लिहिला होतास, पेशंटची नोंद नीट होती, स्पेलिंग बिनचूक होतं. एवढं सांगते. बाकी धीर धर असं म्हणते, आणि इथे माझाच जीव टांगणीला लागलाय.

तुझा बाबा परवा फोनवर हसला. कितीतरी महिन्यांनी त्याचं हसू ऐकलं. म्हणाला, ताई, पोरगी फोनवर गुणगुणत होती. तू स्वतःचं नाव घालवलंस तिच्यासाठी, मी हे विसरणार नाही. मी फोन ठेवला आणि तोंड धुतलं.

मला तुला अजून काहीतरी सांगायचं आहे. आज नाही सांगत. कदाचित सांगायची गरजच पडणार नाही. गरज पडू नये म्हणून मी काय वाट्टेल ते करीन, पण आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही.

आत्या


६ जून

खारू,

केंद्राचं पत्र तुला पोचलं असेल. पंचावन्न. माझ्यापेक्षा एक कमी.

मुख्य परीक्षकेने मला बोलावून घेतलं होतं. बसायला सांगितलं नाही, मीही बसले नाही. तिने सांगितलं की वादातला पेपर म्हणून दुसऱ्या तपासनिसाने नियमाला धरून एकेक चूक मोजली. सूट कुणी देणार नव्हतंच. पहिल्यांदा हाच पेपर दुसऱ्या कुणाच्या गठ्ठ्यात गेला असता तर तू सुटलीही असतीस. मी कबूल केल्यामुळे ती वाटही बंद झाली. मग तिने खाली लिहिलेला शेरा मला वाचून दाखवला. तो तुझ्या पत्रात नसेल, तपासनिसाचे शेरे बाहेर देत नाहीत. म्हणून मी लिहिते. 'उमेदवाराचं इंग्रजी चांगलं आहे. ती एकच चूक करते आणि ती एकदाही चुकवत नाही. तिला असंच शिकवलेलं असावं.'

वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. तिला मीच शिकवलं आहे, ती माझ्या वर्गात तीन महिने बसली होती. माझा वर्ग कसा चालतो ते तिला पाठ आहे. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण तुला सांगते.

माझा तो फळ्यावरचा नियम अर्धाच आहे. अनेक असतील तर आधी काही नाही. हे मी मुद्दाम अर्धं सांगते, कारण सुरुवातीला लोक जिथे तिथे 'अ' चिकटवतात आणि ती सवय आधी मोडावी लागते. आठ आठवडे एवढंच घोटून घेते. नवव्या आठवड्यात फळा पुसते आणि उरलेलं सांगते: अनेक असले तरी ते ठरलेले असतील, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला माहीत असलेले असतील, तर 'द' लावायचंच. आपण 'पेशंटना गोळ्या दिल्या' म्हणतो आणि कोणते पेशंट, कोणत्या गोळ्या, ते ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत ते 'द' सांगतं. पाळी सोडून जाणाऱ्या नर्सने ते लिहिलं नाही, तर येणारीला कळत नाही की डॉक्टरांनी ठरवलेल्याच गोळ्या द्यायच्या की कपाटातल्या कुठल्याही. म्हणून त्या परीक्षेत त्याला मार्क आहेत. मुख्य परीक्षकेला मी हे नवव्या आठवड्यात शिकवलं. बसवाल्याला गेल्या महिन्यात शिकवलं. एकतीस वर्षांत जो जो माझ्यासमोर बसला त्याला शिकवलं.

तुला नाही शिकवलं.

विसरले नव्हते. परीक्षेसाठी मी तुला घरी एकटीला शिकवत होते, त्याचा आठवा आठवडा संपला त्या शनिवारी तू नेमणुकीचं पत्र घेऊन आलीस. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलंस. मग माळ्यावरून माझी जुनी बॅग काढलीस, तिच्यात किती मावेल ते बघायला आत कपडे रचायला लागलीस, आणि मधेच मला विचारलंस की आत्या, तू एकटी कंटाळशील का गं. मी म्हटलं, कंटाळायला मला वेळ कुठाय. तू हसलीस आणि पुन्हा कपडे रचायला लागलीस.

सोमवारी तू वही घेऊन बसलीस. मी फळा पुसला नाही. जुनीच उजळणी घेतली. त्या आठवड्यात रोज ठरवायची, उद्या सांगू. शेवटी तू विचारलंस.

"आत्या, अनेकवचनाचं एवढंच ना?"

"एवढंच."

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत, आणि जीभही घसरली नव्हती. तुझा विश्वास होता, म्हणून तू दुसरं पुस्तक उघडून पाहिलं नाहीस. आत्याने एवढंच म्हटलं म्हणजे एवढंच.

त्या नात्याच्या कागदावर मी न वाचता सही केली असं मागे लिहिलं, तेही खोटं. रांग नव्हती. मी वाचून, चष्मा पुसून सही केली. तुझा पेपर माझ्याकडे यावा असं मला वाटत होतं. आल्यावर काय करणार, ते माहीत नाही असं मी स्वतःला सांगत होते. आणि आला तेव्हा पानोपानी माझीच शिकवणी दिसली. अनेकवचनापुढे एकही 'द' चुकूनसुद्धा पडलेलं नाही. जिथे मी नको म्हटलं तिथे कुठेच नाही. इतकी गुणी विद्यार्थिनी मला परत मिळाली नाही, आणि मी तिचे अर्धे अर्धे मार्क कापत गेले.

'बरं झालं' हे मी मनापासून म्हटलं होतं.

कारण विचारशील तर मोठं काही नाही. तू यायच्या आधी मी अकरा वर्षं या दोन खोल्यांत एकटी राहिले. संध्याकाळी वर्ग सुटला की दुसऱ्या सकाळपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नसे. तू आलीस आणि मोरीत गाणं, दारात चपला, केसांची पिन पुस्तकात, सगळीकडे तू. मला परत एकटीला राहायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी तुला पाडलं, आणि तू सहाव्या दिवशी गेलीसच.

केंद्रात जाऊन मी जे कबूल केलं तेही हे लपवायलाच. कडक तपासलं, नियम मोडला, हे गुन्हे सांगता येण्यासारखे होते. लोक म्हणतील, बाई फार काटेकोर. तुझा बाबा मला त्यागी समजतो. त्याला हे पत्र दाखव, मी दाखवू शकत नाही.

त्या हॉस्पिटलला मी पत्र लिहिलं आहे की आणखी सहा महिने जागा ठेवा. तू पुढच्या परीक्षेला बस. नवव्या आठवड्याचा सगळा धडा मी वेगळ्या कागदांवर लिहून जोडला आहे, बारा पानं आहेत, उदाहरणं सगळी वॉर्डातली घेतली आहेत. कठीण नाही, तुला दोन दिवस लागतील. मला शिव्या दे, पण ती पानं वाच. माझ्यासाठी नाही म्हणत.

आत्या


२ जुलै

खारू,

हॉस्पिटलचं उत्तर आलं. जागा भरली. दोन ओळींचं पत्र आहे, सभ्य आहे.

बारा पानं परत आली नाहीत, त्यामुळे मी आठवडाभर वेड्यासारखी आशा धरून होते. वाचत असशील, चिडत असशील, पेन्सिलीने खुणा करत असशील. रोज टपालाच्या वेळेला जिन्यात जाऊन उभी राहायची. किल्लीवाल्याने एकदा वर बघून विचारलं, कुणी यायचंय का. मी म्हटलं, हो.

काल तुझ्या बाबाचा फोन आला. त्याने मला ताई म्हणून हाक मारली नाही, नुसतं बोलायला लागला. पत्र तू त्याला वाचून दाखवलंस म्हणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न रडता. मग त्याने बाकीचं सांगितलं. त्या बाईंच्या घरी दुसरी नर्स ठरत आली होती. तू पुन्हा ठेवून घ्या म्हणून गेलीस, तेव्हा त्यांनी तीन वर्षं मधे सोडून जायचं नाही असं लिहून घेतलं, आणि तू सही केलीस. तीन वर्षांनी तू तीस ओलांडशील. त्या हॉस्पिटलची अट तिसाच्या आतली आहे, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे.

मी विचारलं, पानं तरी वाचली का तिने? तो म्हणाला, तिने ती तशीच ठेवली आहेत. त्याने तुला समजावलं होतं, परीक्षा पुढे कधीही देता येते, निदान अभ्यास सोडू नको, आत्यावर राग असेल तर दुसरीकडे शीक. त्यावर तू काय म्हणालीस ते त्याने मला सांगितलं. सांगू की नको असं त्याला झालं होतं, पण मीच खोदून विचारलं.

"बाबा, मी इंग्रजीचं एक वाक्य वाचलं तरी मला आत्याचा आवाज येतो."

एवढं सांगून त्याने फोन ठेवला. सात वाजता बसवाला आला, त्याला मी परत पाठवलं आणि दुसऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. त्या चांगलं शिकवतात. नवरीला कळवलं आहे. फळा मी काल उतरवून खाली किल्लीवाल्याला देऊन टाकला, त्याला भाव लिहायला उपयोगी पडेल.

मी तुझी माफी मागायला बसले होते. दोन कागद फाडले. प्रत्येक वाक्य वाचताना ते तुला माझ्याच आवाजात ऐकू येणार, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. मार्चपासून मी तुला पाच पत्रं पाठवली, हे सहावं. तू ती वाचत होतीस आणि मी तिथे येऊन तुझ्या कानाशी बोलत होते.

म्हणून यापुढे लिहिणार नाही. फोन करणार नाही, बाबाकडे निरोपही ठेवणार नाही. इंग्रजी मी तुझी घालवलीच. मराठी तरी तुझी तुला राहू दे.

आत्या